भोकं आणि फटी: मास्कचा खरा हिशोब

२०२० साली घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक हिशोब फिरत होता, आणि तापाची साथ आली की तो अजूनही डोकं वर काढतो. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. मास्कमधली भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. मग मास्क लावणं म्हणजे डास अडवायला खिडकीला गज बसवणं नाही का?

आकडे खरे आहेत. अगदी एन-९५ मास्कच्या तंतूंमधल्या मोकळ्या जागासुद्धा विषाणूपेक्षा मोठ्या असतात. चुकतो तो त्यातून काढलेला अर्थ. विषाणू सुटा उडत येतो आणि मास्क त्याला चाळणीसारखा अडवतो, असं या हिशोबात गुपचूप धरलेलं आहे. प्रत्यक्षात दोन्ही तसं होत नाही. आणि हिशोब मांडणारे ज्या भोकांकडे बोट दाखवतात त्यापेक्षा मोठं भोक मास्कच्या कडेला, नाकाशी आणि गालाशी असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तोंडातून काय बाहेर पडतं

विषाणू श्वसनमार्गाच्या ओलाव्यात वाढतो आणि त्या ओलाव्यासकटच बाहेर पडतो. श्वास सोडताना फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्या मिटतात, घेताना पुन्हा उघडतात. उघडताना त्यांच्या भिंतींवरचा द्रवाचा पातळ पापुद्रा फुटतो आणि त्याचे अतिसूक्ष्म तुषार तयार होतात. बोलताना स्वरतंतू थरथरतात, तिथून आणखी तुषार. ओठ आणि जीभ थुंकीचे मोठे थेंब उडवतात. हे थेंब डोळ्यांना दिसतात, म्हणून कितीतरी वर्षं सगळं लक्ष त्यांच्याकडेच गेलं. बाहेर पडल्यावर तुषारांतलं बरंचसं पाणी क्षणात उडून जातं आणि मागे उरतो एक चिकट कण. त्यात क्षार असतात, प्रथिनं असतात आणि माणूस आजारी असेल तर विषाणू.

कण केवढा आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. हवा अगदी स्थिर असलेल्या खोलीत दीड मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तोंडाच्या उंचीवरून, १०० मायक्रॉनचा थेंब पाचेक सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. १ मायक्रॉनच्या कणाला तब्बल बारा तास. शिवाय स्थिर हवेची खोली असते फक्त पुस्तकात. पंखा, एसी, माणसांची ये-जा, अंगाच्या उबेनं वर चढणारी हवा या सगळ्यांमुळे बारीक कण खाली बसतच नाहीत, खोलीभर पसरतात.

इथे वैद्यकशास्त्रात एक जुना घोळ होता. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब लगेच खाली पडतात, त्यांच्यापासून दोन हात लांब राहिलं की झालं, असं पाठ्यपुस्तकांत दशकानुदशकं छापलं जात होतं. १९३४ मध्ये विल्यम वेल्स या अमेरिकन अभियंत्यानं ही सीमारेषा १०० मायक्रॉनच्या आसपास दाखवली होती. ५ मायक्रॉनचा आकडा आला क्षयरोगाच्या अभ्यासातून: क्षयाचे जंतू फुफ्फुसात खोलवर पोचायचे तर कण साधारण तेवढे लहान लागतात. फुफ्फुसात खोल कोण जातं आणि जमिनीवर लवकर कोण पडतं, हे दोन वेगळे प्रश्न. वाटेत कुठेतरी एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटलं आणि तिथेच राहिलं.

या घोळाची किंमत २०२० मध्ये मोजावी लागली. १० मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाच्या भागात एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. तो धरून ५३ जणांना करोना झाला, काहींची चाचणीनं खात्री झाली तर काहींचं निदान लक्षणांवरून झालं. दोघं दगावले. अडीच तासांत एका माणसाच्या थुंकीचे थेंब पन्नास जणांच्या तोंडावर उडणं शक्य नाही. सगळे एकच हवा घेत होते, एवढाच त्याचा अर्थ. तरीही त्याच महिन्याच्या २८ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं ठासून जाहीर केलं. पुढे संघटनेला भूमिका बदलावी लागली, पण तोवर जगभरातली माणसं भाजीच्या जुड्या सोड्याच्या पाण्यात बुडवत बसली होती आणि खिडक्या मात्र बंद होत्या.

नंतर सिंगापूरमध्ये करोनाच्या रुग्णांच्या श्वासातले कण गोळा करून मोजले गेले. त्यांच्या श्वासातून, बोलण्यातून आणि गाण्यातून जेवढा विषाणूचा अंश बाहेर पडला, त्यातला सुमारे ८५ टक्के ५ मायक्रॉनहून लहान कणांत होता. मास्कनं अडवायचं ते मुख्यतः हे बारीक कण.

गुंत्यातून जाणारी हवा

निळा सर्जिकल मास्क कात्रीनं कापून बघा. तीन पदर सुटतात. बाहेरचा निळा आणि आतला पांढरा एकाच जातीचे: उजेडात धरले तर ठिपक्यांची नक्षी दिसते, ओढले तर सहजी फाटत नाहीत. ते आधाराला आणि ओल अडवायला. मधला पदर निराळा. गुळगुळीत, नक्षी नाही, जरा ताणला की फाटतो. खरं काम करतो तो हाच. त्याला मेल्टब्लोन म्हणतात. बादल्या आणि डबे ज्याचे बनतात तेच पॉलिप्रॉपिलीन वितळवून बारीक तोंडांतून गरम हवेच्या झोतानं उडवतात आणि १ ते ५ मायक्रॉन जाडीचे तंतू वेडेवाकडे एकमेकांवर पडत जातात. विणकाम नसल्यामुळे सरळ आरपार जाणारं भोक त्यात जवळपास सापडतच नाही. स्वस्तातल्या दोन पदरी मास्कमध्ये बहुधा हा मधला पदरच नसतो.

या गुंत्यातून जाताना हवेला सारखी वळणं घ्यावी लागतात. हवा वळते, पण तिच्याबरोबरच्या कणाला वळता येतं का? १ मायक्रॉनहून मोठा कण जड असतो, वेगात असतो. त्याला वळण जमत नाही आणि तो समोरच्या तंतूवर जाऊन आदळतो. त्याहून लहान कण हवेबरोबर वळतो, पण वळताना तंतूच्या इतका जवळून जातो की घासला जातो आणि चिकटतो. एवढ्या लहान आकारांच्या जगात पृष्ठभागांमधली ओढ इतकी असते की एकदा टेकलेला कण सहसा सुटत नाही.

आता अगदी लहान कण घ्या, ०.१ मायक्रॉनचा किंवा त्याहूनही बारीक. तो सरळ जातच नाही. हवेचे रेणू त्याला चहूबाजूंनी ढकलत असतात आणि त्या धक्क्यांनी तो वेडावाकडा भरकटत राहतो. हीच ब्राउनियन गती. तंतूंच्या जंगलात असा भरकटणारा कण कुठे ना कुठे धडकतोच. कण जितका लहान, तितका जास्त भरकटतो आणि तितका सहज पकडला जातो.

म्हणजे मोठे कण सहज अडतात आणि फार लहानही सहज अडतात. अवघड असतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. आदळायला पुरेसे जड नाहीत आणि भरकटायला पुरेसे हलके नाहीत. म्हणून मास्कची परीक्षा याच आकाराशी घेतात. अमेरिकेतली नायॉश ही संस्था एन-९५ ला मान्यता देते ती मिठाचे सूक्ष्म कण मिनिटाला ८५ लिटर हवेबरोबर मास्कवर सोडून. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, म्हणजे परीक्षा भलतीच कडक आहे. एवढं करून या सगळ्यात अवघड आकाराचे किमान ९५ टक्के कण अडले, तरच नावात ९५ लागतं. व्हॉट्सअॅपवाल्यांचा ०.१ मायक्रॉनचा सुटा विषाणू खरोखर उडत आला असता, तर तो ०.३ च्या कणापेक्षा सोपाच गेला असता.

फक्त तंतूंच्या भरवशावर ९५ टक्के गाठायचे तर मास्क इतका जाड करावा लागला असता की श्वास घेणं मुश्कील झालं असतं. तिथे विजेनं हात दिला. मेल्टब्लोनच्या तंतूंवर कारखान्यातच विद्युतभार चढवतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. असे भारित तंतू जवळून जाणाऱ्या कणांना ओढून घेतात. यातलं एक फार वापरात असलेलं तंत्र टेनेसी विद्यापीठातले तैवानी-अमेरिकन संशोधक पीटर त्साय यांनी १९९० च्या दशकात विकसित केलं. २०२० मध्ये ते निवृत्त झालेले होते. मास्कचा तुटवडा पडल्यावर वापरलेला एन-९५ पुन्हा कसा वापरता येईल हे शोधायला ते परत कामाला लागले. त्यांचा एक सोपा सल्ला बऱ्याच दवाखान्यांनी उचलला: चार-पाच मास्क ठेवा, आज वापरलेला हवेशीर जागी टांगून ठेवा आणि त्याची पाळी पुन्हा काही दिवसांनी येऊ द्या.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट झालं. घरी आल्या आल्या एन-९५ वर सॅनिटायझरचा फवारा, नाहीतर साबणाच्या पाण्यात खळखळून धुणं. प्रयोगशाळेत फिल्टरवरचा भार मुद्दाम घालवायचा असतो तेव्हा त्याला पुष्कळशा सॅनिटायझरांत असतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोलच देतात. म्हणजे स्वच्छतेच्या नादात लोकांनी मास्कचं निम्मंअधिक बळ स्वतःच्या हातानं उतरवलं. दिसायला मास्क तसाच, पांढराशुभ्र.

कापडाचं काय? सुती धागे जाड असतात, विणीत खरीखुरी भोकं असतात आणि विद्युतभार नसतो. शिंकेचे मोठे थेंब दोन-तीन पदरी कापड बऱ्यापैकी अडवतं, बारीक कण मात्र पुष्कळसे निसटतात. पुण्यातल्या स्कूटीवरचा तो डोक्यापासून मानेपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ उन्हाला आणि धुळीला उत्तम, बंद खोलीतल्या विषाणूला नावापुरता. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला. तेव्हा शहरातले मास्क संपले आणि लोक रुमाल, ओढण्या बांधून फिरू लागले. ते अगदीच वाया गेलं असं नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवण्यातही अर्थ नव्हता.

आणि हो, ऑक्सिजन अडत नाही. त्याचा रेणू मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो आणि वायूचे रेणू कणांसारखे तंतूंना चिकटून बसत नाहीत. एन-९५ मध्ये श्वास ओढायला जरा जोर लागतो, गरम होतं, वैताग येतो, हे सगळं खरं. पण गुदमरल्यासारखं वाटणं आणि ऑक्सिजन कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरं भोक कडेला

मास्कबद्दल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि नेमकी हीच खोक्यावर छापलेली नसते. हवा नेहमी सोपी वाट धरते. तंतूंच्या गुंत्यातून जायला जोर लागतो, नाकाच्या कडेच्या फटीतून जायला लागत नाही. मग फट छोटी असली तरी बरीच हवा तिथूनच ये-जा करते, न गाळता. फिल्टर ९५ टक्क्यांचा असो की ९९ चा, जी हवा त्यातून गेलीच नाही तिला तो काय करणार?

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, फेब्रुवारी २०२१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खोकणारं यंत्र, त्याच्या तोंडावर नेहमीचा सर्जिकल मास्क. खोकल्यातले ५६ टक्के कण अडले. मग त्याच मास्कच्या कानाच्या नाड्यांना मास्कजवळ गाठ मारली आणि बाजूला उरलेला चुणीदार भाग आत दुमडला. अडलेले कण ७७ टक्के. मास्क तोच, फिल्टर तोच, खर्च शून्य, फक्त गालाजवळची फट बुजली. सर्जिकल मास्कवर घट्ट कापडी मास्क चढवला तेव्हा आकडा ८५ टक्क्यांवर गेला. वरचा कापडी मास्क गाळण्यापेक्षाही खालच्याला चेहऱ्यावर दाबून धरण्याचं काम जास्त करत होता.

तुमचा मास्क कुठून गळतो ते ओळखायला यंत्र लागत नाही. चष्म्यावर धुकं येतंय म्हणजे नाकाची पट्टी नीट दाबलेली नाही. ती एका बोटानं मधोमध चिमटून भागत नाही. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली गालापर्यंत फिरवत दाबावी लागते. जोरात श्वास ओढला की मास्क किंचित आत ओढला जातो का, ते बघा. जात नसेल तर हवा दुसरीकडून येते आहे. दाढी असेल तर कडा टेकतच नाही. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी यावर तोडगा काढला: दाढीवर ताणाच्या रबरी पट्टीचं घट्ट आवरण बांधून त्यावर एन-९५ सारखा घट्ट बसणारा मास्क लावायचा. मास्कची तंदुरुस्ती तपासणाऱ्या चाचणीत ही युक्ती टिकली.

हनुवटीवर ओढलेल्या मास्कबद्दल लिहायची गरज नाही, तो फक्त दंड चुकवायचा मास्क होता. मुंबईत एप्रिल २०२० पासून सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा होता आणि राज्यातली सक्ती उठली २०२२ च्या गुढीपाडव्याला. या दोन वर्षांत लोकलच्या फलाटावर दिसलेल्या मास्कपैकी किती जणांची नाकं झाकलेली होती, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं.

खरेदी करताना खोक्यावरचे आकडेही जरा डोळसपणे वाचावेत. सर्जिकल मास्कवर ‘बीएफई ९८ टक्के’ असं लिहिलेलं असतं आणि मेडिकलवालाही ते बोट ठेवून दाखवतो. ९८ हे ९५ पेक्षा जास्त, म्हणजे हा एन-९५ पेक्षा सरस? नाही. बीएफई म्हणजे जिवाणू अडवण्याची परीक्षा. ती सुमारे ३ मायक्रॉनच्या थेंबांवर घेतात, म्हणजे सोप्या आकारावर, आणि मास्क यंत्रात चहूबाजूंनी घट्ट पकडून. चेहऱ्यावरच्या फटींचा त्यात प्रश्नच येत नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ मध्ये एफएफपी-१, एफएफपी-२ आणि एफएफपी-३ असे वर्ग आहेत. त्यातला एफएफपी-२ हा एन-९५ च्या जवळचा. आणखी एक खूण: नायॉशची खरी मान्यता असलेल्या एन-९५ ला डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्या असतात, कानात अडकवायच्या नाड्या नसतात. पट्ट्यांनी डोक्याला त्रास होतो, केस विस्कटतात, पण मास्क चेहऱ्यावर दाबून बसतो तो त्यांच्यामुळेच.

बाहेर जाणारं आणि आत येणारं

मास्क कुणासाठी लावायचा, स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी? दोघांसाठी, पण दोन्हीकडे फायदा सारखा नसतो. तोंडातून बाहेर पडताना तुषार मोठे असतात, ओले असतात आणि एकाच जागी, तोंडासमोर, एकवटलेले असतात. तेव्हा ते अडवणं सोपं. एकदा हवेत गेले की सुकून बारीक होतात, पसरतात आणि दुसऱ्याच्या मास्कला ते गाळणं अवघड जातं. म्हणून आजारी माणसाच्या तोंडावरचा मास्क सगळ्यात कामाचा.

याचा मला आवडणारा पुरावा करोनाच्या आधीचा आहे आणि विषाणूचा नाही, क्षयाच्या जंतूचा आहे. दक्षिण आफ्रिकेत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे १७ रुग्ण एका खास वॉर्डात होते. वॉर्डातली हवा गिनिपिगांच्या दोन खोल्यांकडे सोडलेली होती. एक दिवस रुग्ण दिवसभर साधे सर्जिकल मास्क लावत आणि हवा एका खोलीत जाई, दुसऱ्या दिवशी मास्क नाही आणि हवा दुसऱ्या खोलीत. असं तीन महिने चाललं. मास्क नसलेल्या दिवसांची हवा घेणाऱ्या ९० गिनिपिगांपैकी ६९ जणांना लागण झाली, मास्कच्या दिवसांची हवा घेणाऱ्या ९० पैकी ३६ जणांना. गिनिपिगांनी अर्थातच मास्क लावलेले नव्हते. हा प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. खरं तर त्याच्याकडे २०२० च्या मार्चमध्ये कुणीतरी बोट दाखवायला हवं होतं.

अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात करोनाच्या रुग्णांना एका मोठ्या नरसाळ्यात श्वास सोडायला लावून हेच मोजलं. बदकाच्या चोचीसारख्या आकाराच्या एन-९५ नं बाहेर पडणारा विषाणू ९८ टक्क्यांनी कमी केला, आणि तेही मास्क कसा लावायचा याचं वेगळं प्रशिक्षण न देता.

दोघांनीही मास्क लावला तर फायद्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. समजा तुमच्या मास्कमधून निम्मे कण बाहेर निसटतात आणि माझ्या मास्कमधून निम्मे आत येतात. मग निम्म्याचे निम्मे, म्हणजे चौथा हिस्सा माझ्यापर्यंत पोचला. सीडीसीच्या त्याच प्रयोगात खोकणाऱ्या आणि श्वास घेणाऱ्या अशा दोन्ही पुतळ्यांना गाठ मारलेले मास्क लावले, तेव्हा पलीकडे पोचणारे कण सुमारे ९६ टक्क्यांनी घटले. मध्यम दर्जाचे दोन मास्क मिळून असा आकडा गाठतात, यामागचं गणित हेच. २०२० च्या जुलैमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी झडप असलेल्या एन-९५ विरुद्ध राज्यांना पत्र पाठवलं, त्याचंही कारण हेच. ती झडप श्वास सोडताना उघडते आणि हवा न गाळता बाहेर जाऊ देते. लावणारा सुरक्षित, पण तो स्वतः आजारी असेल तर समोरच्याला त्याच्या मास्कचा उपयोग बेताचाच.

साथीत मास्क वापरायची कल्पना ज्यांनी नेटानं रुजवली ते डॉक्टर वू ल्यान-तह आजच्या मलेशियातल्या पेनांगमध्ये जन्मले आणि केंब्रिजला शिकले. १९१० च्या अखेरीस चीनच्या ईशान्येला मांचुरियात प्लेग उसळला आणि चीन सरकारनं त्यांना तिथल्या हार्बिन शहरात धाडलं. आपल्याकडे १८९७ च्या पुण्यातल्या ज्या प्लेगच्या गोष्टी सांगितल्या जातात तो गाठीचा, उंदरांवरच्या पिसवांमधून पसरणारा. हार्बिनचा प्लेग फुफ्फुसाचा होता, श्वासातून जाणारा, आणि झाला की माणूस हमखास जायचा. वू यांनी जाळीच्या कापडाच्या पदरांमध्ये कापूस घालून डोक्यामागे घट्ट बांधायचा मास्क बनवला आणि डॉक्टरांपासून प्रेतं उचलणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना लावायला सांगितला. मेनी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही. एकतिशीतला हा चिनी पोरगा आपल्याला काय शिकवणार, असा त्यांचा सूर होता. ते मास्क न लावता रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगनं गेले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कवर वाद घालायला कुणी उरलं नाही. साथीत सुमारे ६०,००० माणसं मेली. ती १९११ च्या वसंतात आटोक्यात आली, अर्थात एकट्या मास्कमुळे नव्हे: रेल्वेबंदी, विलगीकरण आणि प्रेतांचं दहन यांचाही त्यात वाटा होता.

मग अभ्यास उलटसुलट का?

‘मास्कचा उपयोग नाही असं संशोधनात सिद्ध झालंय’ हे वाक्य तुमच्या कानावर आलं असेल. ते बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून येतं. पहिलं, डेन्मार्क. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये सुमारे ६,००० लोकांपैकी निम्म्यांना घराबाहेर सर्जिकल मास्क लावायला सांगितलं. महिन्याभरात मास्कवाल्या गटात १.८ टक्क्यांना लागण झाली, दुसऱ्या गटात २.१ टक्क्यांना. फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकतो. पण त्या वेळी डेन्मार्कमध्ये बाकी कुणीच मास्क लावत नव्हतं, म्हणजे वरच्या गुणाकारातली एक बाजू मुळातच गायब. शिवाय ज्यांना सांगितलं त्यांतल्या निम्म्याहून कमी लोकांनी तो सांगितल्याप्रमाणे काटेकोर लावला. घरी आल्यावर तर तो काढायचाच होता, आणि घरातलं माणूसच आजारी असेल तर?

दुसरं ठिकाण म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा जानेवारी २०२३ चा आढावा. त्याचा गवगवा ‘मास्क निकामी’ असा झाला. दोन महिन्यांत कॉक्रेनच्याच मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला की हे वाचन चुकीचं आहे. आढावा पाहत होता तो मास्क लावायला सांगण्याच्या किंवा वाटण्याच्या मोहिमांमुळे साथ कमी होते का ते, आणि त्याचं उत्तर होतं ‘पुराव्यावरून नक्की सांगता येत नाही’.

माणसांवरच्या प्रयोगांतली खरी अडचण ही आहे. औषधाची गोळी पोटात गेली की गेली. मास्क खिशात राहतो, हनुवटीवर राहतो, चहा पिताना निघतो आणि तेवढ्यात समोरचा खोकतो. तेव्हा अशा अभ्यासांत मास्क आणि माणसाचा स्वभाव एकत्रच मोजले जातात.

हे लक्षात घेऊन केलेला सगळ्यात मोठा अभ्यास बांगलादेशातला. २०२० च्या नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने ६०० गावं आणि सुमारे ३,४०,००० माणसं. काही गावांत मास्क फुकट वाटले, मशिदीत आणि बाजारात आठवण करून दिली. मास्क नीट लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्के झाले. म्हणजे गावातली निम्म्याहून जास्त माणसं अजूनही मास्कविनाच. तरीही लक्षणं असलेला आणि रक्तचाचणीनं पक्का झालेला करोना सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत ११ टक्क्यांनी, आणि तिथल्या साठीपुढच्या माणसांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कच्या गावांतला फरक मात्र स्पष्ट दिसला नाही. ९ हा आकडा छोटा वाटतो, पण तो दर दहांतल्या आणखी तिघांनी मास्क लावल्याचा परिणाम आहे, सगळ्यांनी लावल्याचा नाही. नॉर्वेत २०२३ मध्ये सुमारे ४,६०० लोकांवर असाच प्रयोग झाला: दोन आठवड्यांत मास्कवाल्यांपैकी ८.९ टक्क्यांनी सर्दी-खोकल्याची लक्षणं सांगितली, बिनमास्कवाल्यांपैकी १२.२ टक्क्यांनी.

मास्क चिलखत नाही आणि सगळ्यांवर सदासर्वकाळ लादावा असाही नाही, असं माझं मत आहे. लहान मुलं चेहरे बघून बोलायला शिकतात, कमी ऐकू येणारे ओठांकडे बघून ऐकतात. त्यांच्या वाट्याला आलेला त्रास मास्कच्या समर्थकांनी फार हलक्यात घेतला. मोकळ्या मैदानात, समुद्रावर एकट्यानं फिरताना मास्कची गरज नव्हतीच. श्वासातले कण तिथे पाहता पाहता विरून जातात.

गरज असते ती बंद, गर्दीच्या आणि जिथे बराच वेळ थांबावं लागतं अशा जागी: दवाखान्याची ओपीडी, एसी स्लीपर बस, केमोथेरपी चाललेल्या नातेवाइकाची खोली. आणि क्षयरोग्याचं घर. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. घरात कुणाला फुफ्फुसाचा क्षय निघाला, तर औषध सुरू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत रुग्णानं सर्जिकल मास्क लावावा, त्याला झडप नको. त्याची सेवा करणाऱ्यानं एन-९५ लावावा, आणि खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे मास्कच्या फटीतून जे निसटेल ते वारा बाहेर नेईल. रुग्णाचा सर्जिकल मास्क ओला झाला की बदलायचा. एन-९५ धुवायचा नाही, पट्ट्या सैल पडल्या किंवा नाकाची पट्टी मोडली की टाकून द्यायचा, मग तो कितीही स्वच्छ दिसत असला तरी.